हलक्या टर्मिनलमध्ये कंट्रोल, आल्ट, शिफ्ट गंडलेत? आधी की कुठे हरवते ते शोधा

लिनक्सवर कमांड टाकायच्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, खालच्यापैकी काय काय होतंय ते आधी बघा, एकापेक्षा जास्त लक्षणं असली तर सगळी लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतं.

- कंट्रोल दाबून उजवा बाण मारला की कर्सर एक शब्द पुढे जायला हवा, त्याऐवजी ओळीवर अर्धविराम, पाचचा आकडा आणि कॅपिटल सी असा कचरा उमटतो.
- आल्ट+बी ने एक शब्द मागे जायला हवं, तर डोक्यावर टोपी असलेला ए उमटतो, आल्ट+डी ला दोन टिंबांचा ए.
- डावा आल्ट चालतो, उजवा अजिबात नाही.
- डिलीट पुसत नाही, होम आणि एंड एका प्रोग्राममध्ये चालतात आणि दुसऱ्यात नाही.
- कंट्रोल+एस दाबल्यावर टर्मिनल गोठल्यासारखं होतं.
- कंट्रोल+शिफ्ट दाबताच टर्मिनलवर एक छोटी चौकट येऊन बसते.
- स्वतःच्या मशीनवर सगळं ठीक, पण टीमक्समध्ये (एका खिडकीत अनेक टर्मिनलं चालवणारा प्रोग्राम) किंवा एसएसएच करून (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर लॉगिन) दुसरीकडे गेलं की बिघडतं.
- विम या एडिटरमध्ये आल्ट+जे दाबलं की इन्सर्ट म्हणजे लिहायचा मोड सुटतो आणि कर्सर खाली उतरतो.
- कॅप्स लॉकला कंट्रोल बनवलं होतं, कीबोर्ड काढून परत लावला की ते गेलं.
- साधं अक्षर टाइप केलं तरी कंट्रोल दाबून धरल्यासारखं वागतं.

हे दुखणं मी स्वतःच्या आणि इतरांच्या मशीनवर इतक्या वेळा दुरुस्त केलंय की आता कोणी नुसतं लक्षण सांगितलं तरी साधारण अंदाज येतो, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी एकच गोष्ट दिसते, की माणसाने आधीच कन्फिग म्हणजे सेटिंगची फाइल उघडून चार ओळी बदललेल्या असतात, त्यामुळे मूळ बिघाड एक आणि वर नवीन दोन. तेव्हा पहिली विनंती अशी की कन्फिगला अजून हात लावू नका. तुम्ही की दाबता तिथपासून प्रोग्रामला ती कळेपर्यंत मध्ये सात-आठ थांबे असतात: कीबोर्ड, कर्नल, एक्स किंवा वेलँड (पडदा आणि कीबोर्ड सांभाळणारी सिस्टिम), विंडो मॅनेजर (खिडक्या मांडणारा प्रोग्राम), इनपुट मेथड (वेगवेगळ्या भाषा टाइप करायची सोय), मग टर्मिनल, मग टीमक्स किंवा एसएसएच, आणि शेवटी शेल (तुमच्या कमांड वाचणारा प्रोग्राम) किंवा एडिटर. की यातल्या कुठल्या थांब्यावर हरवली ते कळलं की दुरुस्ती बहुतेक वेळा एका ओळीची असते.

कमांडची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितेय, टर्मिनलमध्ये ती इंग्रजी छोट्या अक्षरांतच टाकायची.

कमांड न टाकता करायच्या गोष्टी

सगळ्यात आधी टर्मिनल सोडून दुसऱ्या कुठल्याही खिडकीत, म्हणजे ब्राउझरच्या लिहायच्या जागेत किंवा साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये, तेच कॉम्बिनेशन दाबून बघा. कंट्रोल+उजवा बाण तिथेही शब्द ओलांडत नसेल तर टर्मिनलचा काही दोष नाही, तुम्ही चुकीच्या जागी शोधताय. हे करायला दहा सेकंद लागतात आणि अर्धं जंगल साफ होतं.

मग कीबोर्डकडे नीट बघा. बऱ्याच कीबोर्डवर दोन सिस्टिमसाठी दोन मोड असतात, आणि एफएन बरोबर एखादी की चुकून दाबली गेली की आल्ट आणि विंडोज की यांची अदलाबदल होते. काही कीबोर्डच्या पाठीमागे किंवा बाजूला यासाठी छोटा स्विच असतो. माझ्या ओळखीतल्या एकाने याच कारणाने टर्मिनल तीनदा कंपाइल केलं होतं, प्रत्येक वेळी आल्टची ओळ बदलून, आणि कीबोर्ड उलटा केल्यावर स्विच सरकलेला दिसला. तेव्हापासून मी हे सगळ्यात आधी विचारते.

कंट्रोल किंवा शिफ्ट चिकटल्यासारखी वाटत असेल तर स्टिकी कीज चालू झाल्यात का बघा. शिफ्ट ओळीने पाच वेळा दाबली की ती सोय चालू होते, आणि शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की स्लो कीज चालू होते, मग की पटकन दाबली तर नोंदच होत नाही. दोन्ही डेस्कटॉपच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये सापडतात. चिकटल्यासारखं वागण्याचं आणखी एक साधं कारण म्हणजे की दाबलेली कळते पण सोडलेली कळत नाही, मशीन झोपेतून उठल्यावर किंवा खिडकी बदलताना असं होतं. डावी-उजवी कंट्रोल, आल्ट, शिफ्ट, सगळ्या एकेकदा दाबून सोडा, बहुतेक वेळा सुटतं.

आणि व्हर्चुअल मशीनच्या आत काम करत असाल तर एक लक्षात ठेवा, व्हर्चुअलबॉक्समध्ये उजवी कंट्रोल ही होस्ट की, म्हणजे त्याने स्वतःसाठी राखलेली की, असते, म्हणजे ती मुळात आत पोचतच नाही. त्यात बिघाड काही नाही, सेटिंग बदलून होस्ट की दुसरी ठेवता येते.

तुम्ही मागताय ते कॉम्बिनेशन टर्मिनलला माहीत तरी आहे का

हे समजून घ्यायला पाच मिनिटं द्या, कारण यात कित्येकांच्या रात्री गेल्यात. ग्राफिकल प्रोग्रामला "सी दाबली, सोबत कंट्रोल आणि शिफ्ट होती" अशी पूर्ण बातमी मिळते. टर्मिनलमधल्या प्रोग्रामला फक्त बाइट मिळतात. ही पद्धत १९७८ च्या व्हीटी१०० सारख्या खऱ्याखुऱ्या टर्मिनलांपासून चालत आलीय, आणि आजचं प्रत्येक टर्मिनल त्यांचीच नक्कल करतं. ॲस्कीत, म्हणजे अक्षरांना आकडे देणाऱ्या तक्त्यात, कॅपिटल सी चा आकडा ६७, छोट्या सी चा ९९. कंट्रोल दाबली की वरचे बिट काढून टाकले जातात आणि दोन्हींचे उरतात ३. म्हणजे कंट्रोल+सी आणि कंट्रोल+शिफ्ट+सी जुन्या पद्धतीत एकच बाइट आहेत, प्रोग्रामने कितीही डोळे फाडून बघितलं तरी त्याला फरक दिसणार नाही.

त्याच हिशोबाने कंट्रोल+आय म्हणजे ९, आणि ९ म्हणजेच टॅब. कंट्रोल+एम म्हणजे १३, म्हणजे एंटर. कंट्रोल आणि उघडणारा चौकोनी कंस म्हणजे २७, म्हणजे एस्केप. कंट्रोल+एच म्हणजे ८, जुना बॅकस्पेस. त्यामुळे एडिटरमध्ये कंट्रोल+आय ला एक काम आणि टॅबला दुसरं दिलं आणि दोन्ही एकच करतायत, ही तक्रार खरं तर बिघाडाची नाहीच. शिफ्ट+एंटर, कंट्रोल+एंटर यांचंही तेच, जुन्या पद्धतीत त्यांना स्वतःचा बाइटच नाही.

आल्टची गोष्ट वेगळी. आल्ट+बी दाबल्यावर टर्मिनलने दोनपैकी एक करायचं असतं: एकतर एस्केप पाठवून मागोमाग बी पाठवायचा, नाहीतर बी चा आठवा बिट चालू करून पाठवायचा. ही दुसरी पद्धत जुनी, तिच्यात बी चे ९८ अधिक १२८ म्हणजे २२६ होतात आणि २२६ वर बसलंय टोपीवालं ए. वरच्या यादीतलं ते विचित्र अक्षर आलं कुठून ते कळलं असेल. शेल आणि एडिटर आज सगळे पहिली पद्धत धरून चालतात.

बाणांना मात्र मॉडिफायर, म्हणजे सोबत दाबलेली शिफ्ट, आल्ट, कंट्रोल, सांगता येतात, आकड्याने. १ मध्ये शिफ्टचा १, आल्टचे २, कंट्रोलचे ४ मिळवायचे. नुसती शिफ्ट २, आल्ट ३, कंट्रोल ५, कंट्रोल+शिफ्ट ६, कंट्रोल+आल्ट ७. कंट्रोल+उजवा बाण म्हणजे एस्केप, चौकोनी कंस, १, अर्धविराम, ५, कॅपिटल सी. म्हणून पहिल्या लक्षणात जो कचरा दिसतो त्यातला पाच हा पुरावा आहे की टर्मिनलने आपलं काम चोख केलंय, समोरच्या शेलला ते समजलं नाही एवढंच.

टर्मिनल नेमकं काय पाठवतंय

आता पहिली खरी तपासणी, आणि मला एकच करायला सांगितली तर मी हीच करेन. टीमक्स नको, एसएसएच नको, नुसती टर्मिनलची नवी खिडकी उघडा आणि शो-की ही कमांड डॅश ए लावून चालवा. ती लिनक्सवर केबीडी नावाच्या पॅकेजमध्ये येते. आता जे दाबाल त्याचे बाइट आकड्यांत दिसतील, बाहेर पडायला कंट्रोल+डी. ही नसेल तर कॅट डॅश व्ही चालवा आणि की दाबा, एस्केप तिथे कॅरेट आणि चौकोनी कंस असा दिसतो, फक्त कंट्रोल+सी सारख्या की त्यात तपासता येत नाहीत कारण त्या कॅटलाच मारतात.

इथे तीन फाटे फुटतात. बाइट बरोबर आले, तर दोष पुढे, म्हणजे शेल, टीमक्स किंवा पलीकडच्या मशीनमध्ये. बाइट चुकीचे आले, तर दोष टर्मिनलच्या सेटिंगमध्ये. काहीच आलं नाही, तर की टर्मिनलपर्यंत पोचलीच नाही, दोष मागे. तुमचा फाटा ओळखा आणि तोच वाचा, बाकीचं सोडून दिलंत तरी चालेल.

बाइट बरोबर आहेत पण शेलला कळत नाही

बॅश हा शेल वापरत असाल तर घरच्या फोल्डरमधली डॉट इनपुट-आर-सी ही फाइल बघा. त्यात कंट्रोल+उजव्या बाणाचा क्रम फॉरवर्ड-वर्डला आणि डाव्याचा बॅकवर्ड-वर्डला जोडला की काम झालं, आणि खिडकी बंद न करता कंट्रोल+एक्स, कंट्रोल+आर दाबून फाइल परत वाचता येते. पण एक खड्डा आहे ज्यात भले भले पडतात. ही फाइल तुम्ही नव्याने बनवली की सिस्टिमची स्वतःची इटीसी मधली इनपुट-आर-सी वाचली जात नाही, म्हणजे बाण सुरू होतात आणि डिलीट, होम, एंड बंद पडतात, आणि माणूस म्हणतो एक दुरुस्त केलं तर दुसरं बिघडलं. उपाय सोपा, तुमच्या फाइलच्या पहिल्या ओळीत डॉलर-इन्क्लूड लिहून सिस्टिमच्या फाइलचा पत्ता द्या.

झी-शेल ही फाइल वाचतच नाही. तिथे झेड-एस-एच-आर-सी मध्ये बाइंड-की वापरायची.

एस-टी म्हणजे सक-लेसचं जे अगदी छोटं टर्मिनल आहे त्यात डिलीट चालत नसेल तर इनपुट-आर-सी मध्ये सेट एनेबल-कीपॅड ऑन अशी ओळ टाका. कारण असं की एस-टी डिलीटसाठी कीपॅड मोडप्रमाणे वेगवेगळे बाइट पाठवतं, आणि शेलने तो मोड चालूच केला नाही तर त्याला अपेक्षित बाइट मिळत नाहीत.

कंट्रोल+एस ने गोठणं हे सगळ्यात घाबरवणारं आणि सगळ्यात सोपं. काही गोठलेलं नसतं, जुन्या काळी वेगाने सरकणारा मजकूर थांबवायला ही की होती, कंट्रोल+क्यू दाबा, सुरू होतं. कायमचं बंद करायचं तर एस-टी-टी-वाय ला वजा आय-एक्स-ऑन देऊन शेलच्या आरसी फाइलमध्ये ती ओळ ठेवा.

विममध्ये आल्ट+जे मुळे इन्सर्ट मोड सुटतो, कारण त्याला आधी एस्केप दिसतं आणि मग जे. वर सांगितलं तसं आल्ट आणि एस्केप यांत वेळेचाच काय तो फरक. प्रोग्राम एस्केप मिळाल्यावर थोडा थांबून बघतो की मागून आणखी काही येतंय का. हे थांबणं फार लांब असलं तर एस्केप उशिरा लागतं, फार कमी असलं तर हळू नेटवर्कवर आल्ट तुटतं. विममध्ये ते टी-टाइमआउट-लेन मध्ये मिलिसेकंदात, झी-शेलमध्ये की-टाइमआउट मध्ये सेकंदाच्या शंभराव्या भागात, आणि तिथे मूळ किंमत ४० असते, म्हणजे ०.४ सेकंद.

टीमक्स आणि एसएसएचमध्येच बिघडतं

टीमक्सच्या जुन्या व्हर्जनमध्ये एस्केप-टाइम ५०० मिलिसेकंद असतो, अर्धा सेकंद, एडिटरमध्ये एस्केप दाबल्यावर जो जडपणा जाणवतो तो यामुळे. १० ते २० वर आणा. ३.२ पासून एक्स्टेंडेड-कीज नावाचं सेटिंगही आहे, शिफ्ट+एंटर सारख्या की आत पोचवायच्या असतील तर ते चालू लागतं, अर्थात बाहेरचं टर्मिनल त्या पाठवत असेल तरच.

यापेक्षा मोठं कारण म्हणजे टर्म हे व्हेरिएबल, प्रोग्रामला टर्मिनलचं नाव त्यातूनच कळतं. कुठल्या तरी जुन्या सल्ल्यावरून बॅश-आर-सी मध्ये टर्म ची किंमत एक्सटर्म-२५६कलर अशी कायमची लिहिलेली आहे का बघा. असेल तर काढा. ही किंमत टर्मिनलने स्वतः लावायची असते, एस-टी स्वतःची लावतं, फूट नावाचं टर्मिनल स्वतःची, टीमक्स स्वतःची. तुम्ही जबरदस्तीने दुसऱ्याचं नाव लावलं की प्रोग्राम दुसऱ्याच टर्मिनलचे बाइट अपेक्षित धरतो, मग होम-एंड कधी चालतात कधी नाही. हा दोष पकडायला सगळ्यात त्रासदायक, कारण रंग छान दिसतात, अक्षरं छान दिसतात, बिघडतात फक्त चार-दोन की, आणि त्याही ठराविक प्रोग्राममध्ये.

एसएसएच करून गेल्यावर पलीकडे तुमच्या टर्मिनलची माहितीच नसेल तर "अननोन टर्मिनल टाइप" अशी तक्रार येते किंवा काही न बोलता की बिघडतात. त्यावर इन्फो-सी-एम-पी डॅश एक्स चं आउटपुट एसएसएचमधून पलीकडे पाठवून तिथे टिक डॅश एक्स ला द्यायचं, टिक चं स्पेलिंग टी-आय-सी. ती माहिती पलीकडे तुमच्याच फोल्डरमध्ये बसते, रूटची म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराची गरज नाही, आणि एकदाच करायचं असतं. सर्व्हरवर सगळ्यांसाठी बसवायची असेल तर मात्र तिथल्या ॲडमिनला सांगा, दुसऱ्याच्या सर्व्हरवर स्वतः सिस्टिम फाइल बदलू नका.

काहीच बाइट येत नाहीत

आता मागे जायचं. एक्सवर असाल तर एक्स-ई-व्ही चालवा, एक पांढरी खिडकी येईल, तिच्यावर की दाबा. वेलँडवर डब्ल्यू-ई-व्ही. दोन्हींत कीचं नाव दिसतं आणि सोबत कुठले मॉडिफायर होते तेही.

की दाबल्याची नोंद येण्याऐवजी फोकस गेल्याची नोंद आली तर विंडो मॅनेजरने ती मध्येच उचलली. कंट्रोल+आल्ट+बाण बऱ्याच डेस्कटॉपवर वर्कस्पेस बदलायला राखून ठेवलेले असतात, डीडब्ल्यूएम हा विंडो मॅनेजर तर मुळातच आल्ट स्वतःसाठी वापरतो, तेव्हा आल्ट+जे एडिटरपर्यंत पोचणारच नाही. इथे एकाला माघार घ्यावी लागते, आणि मी दर वेळी विंडो मॅनेजरला सुपर म्हणजे विंडोज कीवर हलवते, कारण टर्मिनलमधल्या प्रोग्रामांना सुपर तशीही जवळजवळ वापरता येत नाही आणि आल्ट त्यांना सतत लागते.

कंट्रोल+स्पेस गायब असेल तर संशय इनपुट मेथडवर घ्या. आयबस, एफसीआयटीएक्स असे प्रोग्राम भाषा बदलायला काही कॉम्बिनेशन राखून ठेवतात आणि इमॅक्स हा एडिटर वापरणाऱ्यांना नेमकी तीच मार्क लावायला हवी असते. खात्री करायला एक्समॉडिफायर्स हे व्हेरिएबल ॲट-आय-एम बरोबर नन असं देऊन त्याच कमांडमधून एस-टी किंवा एक्सटर्म उघडा. त्या खिडकीत चाललं तर इनपुट मेथडच, तिच्या सेटिंगमध्ये जाऊन शॉर्टकट बदला.

कीबोर्ड लेआउट देवनागरी, रशियन, ग्रीक असा इंग्रजीबाहेरचा चालू असेल तर टर्मिनलचे स्वतःचे शॉर्टकट, कॉपी-पेस्ट वगैरे, बंद पडू शकतात. एस-टी सारखं टर्मिनल कीचं नाव बघून जुळवतं, आणि त्या लेआउटमध्ये त्या जागेवर सी नसतोच. इंग्रजीवर येऊन दाबून बघा, चाललं तर टर्मिनलमध्ये काम करताना लेआउट बदलायची सवय हाच सगळ्यात स्वस्त उपाय.

उजव्या आल्टचं कारणही लेआउटच. पुष्कळ लेआउटमध्ये उजवी आल्ट ही आल्ट नसून तिसऱ्या पातळीची अक्षरं काढायची की असते, एक्स-ई-व्ही मध्ये तिचं नाव आय-एस-ओ लेव्हल थ्री शिफ्ट असं दिसेल. एक्स-मॉडमॅप नुसती चालवलीत तर आठ मॉडिफायरांची यादी मिळते: शिफ्ट, लॉक, कंट्रोल आणि मॉड१ ते मॉड५. आल्ट बहुतेक मॉड१ वर असते, नमलॉक मॉड२ वर, सुपर मॉड४ वर. आल्ट आणि सुपर एकाच ओळीत बसलेल्या दिसल्या तर गोंधळ तिथेच आहे.

आणि ते परत परत येणारं लक्षण, कॅप्सला कंट्रोल केलेलं जातं. सेट-एक्सकेबी-मॅप किंवा एक्स-मॉडमॅप ने केलेला बदल त्या वेळी जोडलेल्या कीबोर्डला लागतो, यूएसबी काढून परत लावलं की सिस्टिमच्या दृष्टीने तो नवा कीबोर्ड, त्याला मूळ मॅप मिळतो. त्यामुळे हा बदल स्क्रिप्टमध्ये न ठेवता डेस्कटॉपच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये किंवा लोकल-सीटीएल मधून करा, मग टिकतो. सेट-एक्सकेबी-मॅप मध्ये आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते, तुम्ही दर वेळी दिलेला ऑप्शन आधीच्यांत भर घालतो, जुने जात नाहीत, त्यामुळे प्रयोग करता करता चार ऑप्शन एकमेकांवर चढून बसतात. रिकामा ऑप्शन देऊन आधी सगळे पुसा, मग हवा तो एकच द्या. वेलँडवरच्या खिडक्यांना ही कमांड लागूच होत नाही.

बाइट चुकीचे येतात, म्हणजे टर्मिनलचं सेटिंग

एक्सटर्ममध्ये टोपीवालं अक्षर येत असेल तर एक्स-रिसोर्सेस फाइलमध्ये मेटा-सेंड्स-एस्केप खरं करा, मग एक्स-आर-डी-बी ने फाइल परत वाचा आणि नवी खिडकी उघडा, जुन्या खिडकीत बदल दिसत नाही.

यूआरएक्सव्हीटी हे टर्मिनल मॉडिफायरसहित बाणांसाठी स्वतःचेच वेगळे बाइट पाठवतं, वर दिलेला आकड्यांचा हिशोब तिथे लागू नाही. की-सिम च्या ओळी टाकून ते इतरांसारखं करता येतं. कंट्रोल+शिफ्ट दाबल्यावर येणारी चौकट याचीच, कॅरेक्टर कोड टाकायची सोय आहे ती, आय-एस-ओ-१४७५५ हे सेटिंग फॉल्स केलं की जाते. कॉपी-पेस्ट त्यात कंट्रोल+आल्ट+सी आणि व्ही ने होतं.

अलाक्रिटी हे टर्मिनल अपडेट केल्यावर तुमच्या सगळ्या की एकदम गेल्या असतील तर व्हर्जन बघा. ०.१३ पासून त्याची कन्फिग यामल फाइलवरून टॉमल फाइलवर गेलीय. अलाक्रिटी मायग्रेट ही कमांड जुनी फाइल नव्यात बदलून देते. टर्मिनलने स्वतःसाठी उचललेली की आतल्या प्रोग्रामला द्यायची असेल तर अलाक्रिटीत त्या बाइंडिंगला रिसीव्ह-चार द्या, फूटमध्ये नन. शिफ्ट+एंटर, कंट्रोल+आय यांचा खरा वेगळेपणा हवा असेल तर ही दोन्ही किटी कीबोर्ड प्रोटोकॉल, म्हणजे की आणि मॉडिफायर वेगळे कळवायची नवी पद्धत, बोलतात, त्यासाठी एस-टी शी झगडण्यापेक्षा टर्मिनल बदलणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. नवं टर्मिनल बसवायला दोन मिनिटं लागतात.

तरी एस-टीच ठेवायचं असेल, आणि ते का आवडतं ते मला चांगलं कळतं, तर त्याच्या चार जागा सांगते जिथे माणूस अडकतोच.

पहिली, तुम्ही कन्फिग-डेफ-एच बदलताय आणि फरक पडत नाही. पहिल्यांदा मेक चालवलं तेव्हा त्याची प्रत कन्फिग-एच नावाने तयार झालीय आणि कंपाइल होते ती प्रत. तिथेच बदला. दुसरी, की ची यादी वरून खाली वाचली जाते आणि पहिली जुळणारी ओळ जिंकते. एंटरला "कुठलाही मॉडिफायर" अशी ओळ आधीच आहे, तुमची शिफ्ट+एंटरची ओळ तिच्या खाली टाकलीत तर तिचा नंबर कधीच लागणार नाही, वर टाका. तिसरी जागा सगळ्यात फसवी: साध्या अक्षरांच्या की, जसं आय किंवा एम, या यादीत टाकल्या तरी एस-टी त्यांच्याकडे बघत नाही, जोपर्यंत त्या मॅप्ड-कीज नावाच्या वेगळ्या यादीतही लिहिलेल्या नाहीत. मूळ कोडमध्ये ती यादी रिकामी असते. कोड बरोबर, ओळ बरोबर, जागा बरोबर आणि तरी की ढिम्म, तर मॅप्ड-कीज. चौथी, मेक इन्स्टॉलने नवा एस-टी यूएसआर-लोकल मध्ये बसतो आणि डिस्ट्रोच्या, म्हणजे तुमच्या लिनक्सच्या, पॅकेजमधला जुना यूएसआर-बिन मध्ये तसाच असतो, विच कमांडने बघा कुठला उघडतोय, आणि जुन्या खिडक्या बंद करून नवी उघडा.

कंट्रोल+बॅकस्पेसने पूर्ण शब्द पुसायचा असतो पुष्कळांना. एस-टीत बॅकस्पेस १२७ पाठवतो आणि कंट्रोल+बॅकस्पेस ८, म्हणजे वेगळेपण आहे, शेलमध्ये कंट्रोल+एच ला बॅकवर्ड-किल-वर्ड जोडलं की झालं. फक्त ज्या टर्मिनलमध्ये साधा बॅकस्पेसच ८ पाठवतो तिथे लॉगिन केलंत तर एक अक्षर पुसायला जाल आणि शब्द जाईल, तेव्हा दोन्ही ठिकाणी शो-की ने आधी बघून घ्या.

इथे थांबा

एक्स-ई-व्ही मध्येही की दिसली नाही तर शेवटची तपासणी इव्ह-टेस्ट, रूटने चालवायची, आपला कीबोर्ड निवडायचा आणि की दाबायची. हे कर्नल काय ऐकतंय ते दाखवतं. त्यातही डावी कंट्रोल आली नाही तर सॉफ्टवेअरमध्ये शोधणं तिथेच बंद करा. बाहेरचा दुसरा कीबोर्ड लावून बघा, त्याने चाललं तर पहिला कीबोर्ड खराब. एकेकटी की चालते पण तीन एकत्र दाबल्यावर तिसरी येत नाही, असं असेल तर तो त्या कीबोर्डच्या वायरिंगचा स्वभाव आहे, स्वस्त कीबोर्डमध्ये ठराविक तीन की एकत्र नोंदल्या जात नाहीत. दुसऱ्या बाजूची कंट्रोल किंवा शिफ्ट वापरून बघा, नाहीतर कीबोर्ड बदला.

लॅपटॉपचा कीबोर्ड स्वतः उघडू नका. आतली पट्टी नाजूक असते, तिचं लॉक तुटलं की एक की जायची ती सगळाच कीबोर्ड जातो. पाणी किंवा चहा सांडल्यानंतर हे सुरू झालं असेल तर मशीन लगेच बंद करून चार्जर काढा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या, चालू करून तपासत बसू नका. कीबोर्डचा भाग वर फुगल्यासारखा वाटत असेल, टचपॅड दबत नसेल, तर खाली बॅटरी फुगलेली असू शकते, तेव्हा वापर ताबडतोब थांबवा, दाबून सपाट करायचा प्रयत्न तर अजिबात नको.

सॉफ्टवेअरच्या बाजूलाही एक सीमा आहे. एक्सकेबी च्या सिस्टिम फोल्डरमधल्या फाइल थेट बदलू नका, पुढच्या अपडेटला त्या पुसल्या जातात, आणि चूक झाली तर लॉगिनच्या पडद्यावर पासवर्डसुद्धा टाकता येत नाही. मशीन कामाच्या ठिकाणचं असेल आणि लेआउट किंवा इनपुट मेथड तिथून ठरवलेलं असेल तर त्यांच्याच ॲडमिनला सांगा.

कोणाकडेही नेलंत तरी सोबत एवढं लिहून न्या: कुठली की, इव्ह-टेस्टमध्ये ती दिसते का, एक्स-ई-व्ही मध्ये दिसते का, शो-की ने कुठले आकडे दिले, बाहेरच्या कीबोर्डने काय झालं, आणि हे कधीपासून सुरू झालं.